वाचक विचारतात : खरं बोलायचं, पण कशाच्या जोरावर?

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून गेल्या काही महिन्यांत एकाच धाटणीची पत्रं आली. राजकारणातली थाप समोर दिसते आहे, पण तिला उत्तर कुठे द्यायचं, कोणत्या शब्दांत द्यायचं, आणि ते आपल्याच अंगाशी येऊ नये म्हणून काय करायचं, हा सगळ्यांचा प्रश्न आहे. त्यांतली काही पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : चौकात फलक लागलाय, ‘रस्त्यासाठी २ कोटी मंजूर, कामास सुरुवात’. जागेवर खडीचा ढीगसुद्धा नाही. मनमाड–इंदूर रेल्वेचंही तसंच, जणू गाडी उद्या नरडाण्याला थांबणार आहे. हे खोटं बोलतात असं थेट म्हणू का? (एक शेतकरी, ता. शिंदखेडा)

लगेच म्हणू नका. असे फलक क्वचितच धादांत खोटे असतात. त्यांच्यामागे बहुधा खरा कागद असतो, पण तो पहिल्या पायरीचा. फलक मात्र शेवटच्या पायरीची भाषा बोलतो. तुम्ही ‘साफ खोटं’ म्हणालात की समोरचा तो कागद काढून दाखवतो आणि चार माणसांत तुम्हीच खोटे ठरता. म्हणून काम कोणत्या पायरीवर आहे ते आधी बघा.

सरकारी कामाचा क्रम साधारण असा असतो. आधी प्रशासकीय मान्यता, मग अंदाजपत्रक तपासून तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश, मग जागेवर काम आणि त्याची मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग देयक, आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला. प्रशासकीय मान्यता म्हणजे ‘हे काम करायला हरकत नाही’ एवढंच. तिने तिजोरीतला एक रुपयाही हलत नाही. अर्थसंकल्पातली तरतूद वेगळी आणि प्रत्यक्ष वितरित झालेला निधी त्याहून वेगळा. ‘मंजूर’ या एका शब्दात हे सगळं कोंबलं की फलक तयार होतो, आणि नारळ तर कोणत्याही पायरीवर फोडता येतो.

रेल्वेचंच घ्या. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये सांगितला. हे खरं आहे. म्हणून ‘काहीच झालं नाही’ म्हणणारा विरोधकही खोटंच बोलतो. पण १८,०३६ कोटी हा सगळ्या प्रकल्पाचा आकडा आहे, तो एका वर्षात येत नाही. यंदा किती आले ते रेल्वेच्या अर्थसंकल्पाबरोबर निघणाऱ्या ‘पिंक बुक’मध्ये मार्गनिहाय दिलेलं असतं. आपल्या तालुक्यात भूसंपादन कुठवर आलंय ते प्रांत कार्यालयात आणि अधिसूचनांत कळतं. मग तुमचं वाक्य असं होईल : ‘मंजुरी या तारखेला मिळाली, यंदाची तरतूद एवढी आहे, आमच्या गावच्या जमिनीची अमुक अधिसूचना निघाली आहे किंवा निघालेली नाही.’ यात कुणाला शिवी नाही आणि खोडायला जागाही नाही.

रस्त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. नमुना ‘जोडपत्र अ’ आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, दारिद्र्यरेषेखालील कार्डधारकाला तोही लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. मजकूर असा ठेवा : ‘मौजे अमुक येथील अमुक ते अमुक रस्त्याच्या कामाबाबत १ एप्रिल २०२४ ते अर्जाच्या दिनांकापर्यंतच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेल्या देयकांच्या प्रती.’ तारीख आपापल्या कामाप्रमाणे बदला. अर्ज का करताय ते सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतीचे पानाला दोन रुपये. मुदत उलटली तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते.

अर्ज फसतात ते ठरावीक कारणांनी. ‘काम का झालं नाही?’ असं विचारलं की ‘आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कायद्याला धरून असतं. कायदा कागद देतो, कारणं देत नाही. कारण हवं असेल तर ‘विलंबाबाबत झालेला पत्रव्यवहार’ मागा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ लिहिलं की दीड हजार पानांचं शुल्क भरायचं पत्र येतं. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर घाबरू नका. कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच मात्र शिक्का आणि तारखेसकट घ्या. पोच नसेल तर पुढचं अपील लंगडं पडतं. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत. आपल्या तिन्ही जिल्ह्यांची दुसरी अपिलं राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात आणि तिथे वेळ लागतो. म्हणून पहिल्याच अर्जात नेमकं मागावं.

आणखी एक सोपी वाट आहे, ती फार थोडे वापरतात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या राज्य शासनाच्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी जाऊन फाइल बघा, हवी ती पानं हेरा, मग तेवढ्याच पानांचा अर्ज करा.

पानं हातात आली की टेप घेऊन जागेवर जा, दोन साक्षीदार सोबत ठेवा. समजा मोजमाप पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड काँक्रीट लिहिलंय. म्हणजे ४५ घनमीटर. जागेवर लांबी ८० मीटरच भरली तर काम ३६ घनमीटरचं होतं आणि ९ घनमीटरचा खुलासा मागता येतो. जाडीबद्दल मात्र जपून बोला. लोक कडेला पट्टी लावतात आणि ‘सगळा रस्ता दहा सेंटिमीटरचा’ म्हणून ठोकून देतात. मग अभियंता मधली जाडी दाखवतो आणि लांबीचा खरा मुद्दाही त्याच्याबरोबर वाहून जातो. ‘कडेला चार ठिकाणी मोजली, १० ते ११ सेंटिमीटर आढळली, मधली जाडी मोजलेली नाही’ एवढंच लिहा. साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये आहे. मधल्या जाडीसाठी कोअर (यंत्राने कापलेला काँक्रीटचा आरपार तुकडा) काढून चाचणी करण्याची मागणी लेखी करा.

प्रश्न : शासन निर्णयाचा फोटो म्हणून ग्रुपवर कागद येतो. त्यावर राजमुद्रा, सही, सगळं असतं. बाया सकाळी दारात उभ्या राहतात, ‘ताई, हाई खरं शे का?’ खरा-खोटा कसा ओळखू? (एक आशा सेविका, ता. तळोदा)

ताई, राजमुद्रेकडे आणि सहीकडे बघूच नका, ती कुणीही चिकटवतो. कागदाच्या शेवटी ‘सदर शासन निर्णय महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक…’ असं वाक्य असतं. त्यापुढचा १८ अंकी आकडा बघा. त्यातले पहिले आठ अंक वर्ष, महिना आणि दिवस असे असतात. उदाहरणार्थ, लाडकी बहीण योजनेचा मूळ शासन निर्णय २८ जून २०२४ चा आहे. या तारखेला चढवलेल्या कागदाचा संकेतांक २०२४०६२८ ने सुरू होतो. वर छापलेली तारीख आणि हे आठ अंक यांत महिन्यांचं अंतर दिसलं तर थांबा. एखाद-दोन दिवसांचा फरक कागद उशिरा चढवल्यानेही पडू शकतो. मग संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या पानावर तो संकेतांक टाका. तिथे सापडला नाही तर दारात आलेल्यांना ‘अजून असा निर्णय मला सापडला नाही’ असं सांगा. ‘खोटा आहे’ हे दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून आणि पंचायत समितीत विचारून म्हणा.

बनावट कागदांत एक खोड हमखास असते. त्यांत शेवटी लिंक असते आणि ती आधार क्रमांक, बँक खाते किंवा ओटीपी मागते. शासन निर्णय कुणाकडे ओटीपी मागत नाही. अशी लिंक दिसली की संकेतांक शोधायच्याही आधी बायांना ती उघडू नका म्हणून सांगा. कुणाचे पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तासाभरात कळवायला लावा. उशीर होईल तसे पैसे अडवणं अवघड होतं.

निवडणुकीच्या तोंडावर दुसरा प्रकार येतो. जुना पण खरा शासन निर्णय नवा म्हणून फिरवला जातो. तिथे संकेतांक खराच सापडतो. फक्त पहिले चार अंक वाचले की झालं.

प्रश्न : ग्रामसभेत सरपंचांनी चुकीचा हिशेब सांगितला. मी उठून बोललो, पण प्रोसिडिंगमध्ये माझ्या बोलण्याची ओळसुद्धा नाही. आता काय? (ता. चोपडा)

ग्रामसभेत नुसतं तोंडी बोललेलं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे इतिवृत्तात, आपोआप उतरत नाही. तिथे आधी लिहून आणि मग बोलून काम होतं. वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल ती. सभेची नोटीस लागली की दोन दिवसांत आपला प्रश्न लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) घेत नसेल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पत्रात शेवटी ‘हा प्रश्न व त्यावरील उत्तर इतिवृत्तात नोंदवावे’ हे वाक्य घाला. नंतर नोंद नसली तर हेच पत्र तुमचा पुरावा.

प्रश्नाची भाषा महत्त्वाची. ‘तुम्ही गटाराचे पैसे खाल्ले’ म्हटलं की सभा भांडणात जाते, आणि समोरच्याला तेच हवं असतं. त्याऐवजी आधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर जाऊन आपल्या ग्रामपंचायतीची देयकं बघा. वर्ष, योजना, रक्कम, तारीख, सगळं तिथे दिसतं. मग विचारा : ‘अमुक तारखेला गटार बांधकामापोटी अमुक रक्कम अदा झाल्याची नोंद आहे. त्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि त्या महिन्याची रोकडवही सभेपुढे ठेवावी.’ याचं उत्तर ‘ठेवतो’ किंवा ‘ठेवत नाही’ एवढंच होऊ शकतं, आणि दोन्ही उत्तरं तुमच्या उपयोगाची आहेत.

सभेचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीला गाव, तारीख, वेळ मोठ्याने बोलून ठेवा. सभा संपायच्या आत इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा. सगळ्यात मोठी गफलत सह्यांची होते. हजेरीची वही नंतर घरोघर फिरते आणि कोऱ्या पानावर सह्या गोळा होतात. उद्या तीच सही ठरावाला तुमचा होकार म्हणून उभी राहते. कोऱ्या पानावर सही करू नका. करावीच लागली तर सहीखाली तारीख आणि वेळ टाका आणि वरची-खालची मोकळी जागा आडव्या रेघेने बंद करा.

तुमच्या बाबतीत सभा होऊन गेली आहे. म्हणून आता इतिवृत्ताची साक्षांकित प्रत मागा आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तक्रारीत फक्त तीन गोष्टी असू द्या : मी काय विचारलं, काय उत्तर मिळालं, इतिवृत्तात काय नाही. सरपंचांचा स्वभाव, मागची निवडणूक, भाऊबंदकी यातलं काही नको. सातपुड्याच्या पायथ्याची गावं पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा जिथे लागू आहे तिथे) येत असतील तर आपल्या पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित आहे का तेही तपासा. पाड्याचा प्रश्न पाड्याच्या सभेत जास्त ऐकला जातो.

प्रश्न : घरच्या ग्रुपवर मामा रोज राजकीय खोटेपणा पाठवतात. चूक दाखवली तर म्हणतात, ‘तू आमले शिकाडस का?’ (एक विद्यार्थिनी, धुळे)

मामांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर ते हट्टाला पेटतात. त्यांना एकट्याला लिही, आणि छापील मराठीत नको, घरच्या बोलीत लिही : ‘मामा, हाऊ फोटो आपला गावना नही शे. मूळ फोटो धाडस, दखी ल्या.’ सोबत मूळ फोटो आणि त्याची तारीख. भाषण देऊ नकोस.

ग्रुपवर उत्तर द्यावंच लागलं तर त्यांची पोस्ट पुन्हा चिकटवू नकोस. खोट्या गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर पडल्या की ओळखीच्या आणि म्हणून खऱ्या वाटू लागतात, हे १९७७ पासूनच्या प्रयोगांत दिसत आलंय. खरी गोष्ट आधी सांग, मग खोटी एका ओळीत, मग पुन्हा खरी. रोजच्या दहा पोस्टींतली एकच निवड, जिने कुणाचं नुकसान होऊ शकतं ती. बाकीच्या सोडून दे, नाहीतर महिनाभरात तुझं कुणी वाचणार नाही.

प्रश्न : नेत्याच्या भाषणाची क्लिप किंवा ‘मुलं पळवणारे आलेत’ असा व्हिडिओ आला तर पहिल्या तासात नेमकं काय करायचं? (पोलीस पाटील, ता. साक्री)

साक्री तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यात मंगळवेढा भागातून भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली ती जनजागृतीची फिल्म होती, आणि शेवटी मूल परत सोडल्याचा भाग कापून ती पसरवली गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली.

व्हिडिओ हाती आला की आधी तो पुढे जाणं थांबवा, तपास नंतर. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ असा दुहेरी बाण असेल तर पाठवणाऱ्याने तो स्वतः पाहिलेला नाही, हे धरून चाला. मग व्हिडिओ थांबवत थांबवत बघा. गाड्यांच्या पाट्या दिसल्या तर त्या वाचा. धुळे एमएच १८, जळगाव एमएच १९, नंदुरबार एमएच ३९. ‘शहाद्याच्या बाजारातला प्रकार’ म्हणून आलेल्या व्हिडिओत सगळ्या गाड्या परराज्यातल्या असतील तर शंका घ्यायला तेवढं पुरे. दुकानांच्या पाट्यांची लिपी बघा, अंगावरचे कपडे ऋतूला धरून आहेत का ते बघा, डोंगर आणि पीक बघा. जूनच्या पहिल्या आठवड्यात उभा, बोंडं फुटलेला कापूस आपल्याकडे दिसणार नाही. त्यानंतर एका स्पष्ट चौकटीचा स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सवर टाका. जुना फोटो असेल तर बहुतेक वेळा तिथेच पितळ उघडं पडतं. पण लेन्सवर काही न मिळणं म्हणजे व्हिडिओ खरा असणं नव्हे, हेही ध्यानात असू द्या.

दरम्यान गावात अनोळखी माणसं खरंच आली असतील तर ११२ वर फोन करा आणि पोलीस येईपर्यंत त्यांना गर्दीपासून दूर, शक्यतो दोन दारं असलेल्या जागी बसवा. एकाच दाराच्या खोलीत कोंडणं हाच धोका. लाउडस्पीकरवर ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ एवढंच म्हणू नका, त्याने अफवेची जाहिरात होते. ‘आलेले लोक अमुक गावचे आहेत, ओळखपत्रं पाहिली आहेत, पोलीस निघाले आहेत’ असं सांगा.

भाषणाच्या क्लिपचं तंत्र वेगळं. तीस सेकंदांची क्लिप असेल तर पूर्ण भाषण शोधा आणि त्या वाक्याच्या आधीची दोन मिनिटं, नंतरची दोन मिनिटं ऐका. बऱ्याचदा नेता विरोधकाचं म्हणणं सांगत असतो आणि ‘ते म्हणतात की’ एवढंच कापलेलं असतं. पूर्ण भाषण मिळत नसेल तर क्लिपवर मत देऊ नका. क्लिप आपल्या नावडत्या नेत्याची असेल तेव्हा हे जड जातं, पण तपासाचा नियम तोच. नुसता आवाज असलेल्या ‘फोन संभाषणां’वर तर आता बिलकूल विसंबू नका, आवाज बनवणं फार स्वस्त झालंय.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. खरं लिहिलं तर गुन्हा, बदनामीचा दावा, नोकरीवर गदा, यातलं नेमकं काय होऊ शकतं? (ता. पारोळा)

नोकरीपासून सुरू करू, कारण खरी अडचण तिथेच आहे. वर्तणूक नियम कर्मचाऱ्याला सरकारी धोरणावर जाहीर टीका करू देत नाहीत, आणि समाजमाध्यमावरची पोस्टही जाहीरच धरली जाते. म्हणून पोस्ट टाळा. नागरिक म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज आणि मतदार म्हणून आपल्या गावच्या ग्रामसभेतला प्रश्न हे मार्ग तुमच्यासाठी उघडे आहेत. कामावर असताना हाती आलेला कार्यालयाचा कागद बाहेर देऊ नका. तोच कागद अर्ज करून मिळवा.

कायद्याचं म्हणाल तर ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून २०१२ मध्ये झालेली अटक त्या खटल्याच्या मुळाशी होती. ते कलम आज कुणी दाखवलं तर ते अस्तित्वात नाही असं शांतपणे सांगा. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. हा अदखलपात्र आणि जामीनपात्र गुन्हा आहे, तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. आणि इथे एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. फौजदारी बदनामीत नुसतं खरं असणं पुरत नाही. ते सार्वजनिक हितासाठी सांगितलं हेही दाखवावं लागतं. म्हणून पुढाऱ्याच्या घरगुती भानगडी खऱ्या असल्या तरी लिहू नका. सार्वजनिक पैसा आणि पद यांच्याशी संबंधित तेवढंच लिहा. ‘चोर’ हा निष्कर्ष आहे. ‘मोजमाप पुस्तिकेत ४५ घनमीटर, जागेवर ३६ आढळले, खुलासा मागितला आहे’ ही नोंद आहे. लिहायची ती नोंद.

ग्रुपचे ॲडमिन असाल तर दुसऱ्याच्या पोस्टसाठी तुम्ही आपोआप गुन्हेगार ठरत नाही. समान हेतू दिसल्याशिवाय तशी जबाबदारी येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. पोलिसांकडून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर टाळू नका. ती हजर राहण्याची नोटीस असते, अटकेची नव्हे. वकिलासोबत जा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. पोस्ट घाईने पुसू नका, आणि ज्या फोनवर फोटो काढला तो विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते देताना मूळ फोनची माहिती द्यावी लागते.

प्रश्न : उमेदवाराची मालमत्ता पाच वर्षांत तिप्पट झाली अशी पोस्ट फिरते. तपासता येते का? (भुसावळ)

सहज. विधानसभा-लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराचं ‘नमुना २६’ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. या वेळचं आणि मागच्या वेळचं शेजारी ठेवा. एकूण आकडा पाहून थांबू नका. शहरालगतची जमीन जुनीच असेल आणि नुसता बाजारभाव वाढला असेल तरी आकडा तिप्पट दिसतो. नवी खरेदी कोणती, तिची तारीख काय, कर्ज किती, आणि त्या वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न किती, ते बघा. गुन्ह्यांच्या रकान्यात ‘दाखल’, ‘आरोप निश्चित’ आणि ‘दोषी’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खोट्या शपथपत्राला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आचारसंहितेच्या काळात पैसे-दारू वाटताना दिसलं तर निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ या तक्रारीच्या ॲपमधूनच फोटो किंवा दोन मिनिटांपर्यंतचा व्हिडिओ काढा. गॅलरीतला जुना फोटो ते घेत नाही. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाहीचं उद्दिष्ट आहे आणि नाव न देताही तक्रार करता येते. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथली तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

प्रश्न : आमच्या मंडळाला फलकावर जॉर्ज ऑर्वेल यांचं ‘सार्वत्रिक फसवणुकीच्या काळात सत्य सांगणे ही क्रांतिकारी कृती असते’ हे वाक्य छापायचं आहे. मराठी बरोबर आहे का? (अमळनेर)

मराठी ठीक आहे, पण नाव चुकीचं आहे. इंग्रज लेखक ऑर्वेल जानेवारी १९५० मध्ये वारले. हे वाक्य त्यांच्या लेखनात कुठेही सापडत नाही. ते त्यांच्या नावावर छापलेलं दिसतं ते त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. वाक्य आवडलं असेल तर नाव न घालता छापा. नाव हवंच असेल तर मुंडक उपनिषदातलं ‘सत्यमेव जयते’ आहे, त्याचा पत्ता पक्का आहे. फलक छापायला गेलाच असेल तर छापखान्यात आजच फोन करा, खालची ओळ काढायला पाच मिनिटं लागतात.